पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी कोरल मिटलेलेच! (रीफ टाकीवाल्यांसाठी धागा)

ओलीवाळू

मंडळी, गोड्या पाण्यातल्या माशांवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण रीफ टाकीवर (खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायची टाकी) शोधून एकही सापडला नाही. म्हणून माझ्या प्रश्नाच्या निमित्ताने नवा धागा उघडते आहे. ज्यांच्याकडे कोरल आहेत त्यांनी भर घालावी.

माझ्या टाकीत साधारण २०० लिटर पाणी आहे. खाली संप (गाळणीची जोडटाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), वर दोन वेव्हमेकर (प्रवाहाचे पंप) आणि एलईडी. सुरुवात कोरड्या दगडांनी केली होती, त्याला दीडेक वर्ष झालं. कोरलमध्ये टॉर्च, हॅमर, थोडे झोआ, एक लेदर, आणि वरच्या दगडावर माँटिपोरा नि ॲक्रोपोराचा एक तुकडा. हल्ली टॉर्च पूर्वीच्या निम्माही फुलत नाही. ॲक्रोपोराची टोकं जळल्यासारखी पांढरी पडली आहेत. माँटिपोराचा रंग उडालाय. झोआ तर तोंड मिटून बसलेत. वाळूवर तपकिरी चिकट थर येतो. सकाळी कमी असतो, दिवे मावळेपर्यंत वाढतो आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसतात. गोगलगायी एकेक करून मरतायत.

आकडे देते: तापमान २५.५, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात भाग), अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) ११ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५०. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. दर आठवड्याला पाणी बदलते, फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यमही चालू आहे. इतकं करून ही अवस्था. आता पाणी आणखी जास्त बदलू का?

खडपी

पाणी बदलू नका. आणि तो फॉस्फेट शोषणारा डबा आज बंद करा. बाकीचं बोलू सावकाश.

तुम्ही ज्या दोन शून्यांवर खूश आहात, आजार तिथेच आहे. कोरल हा प्राणी. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर साखर करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. पण त्या शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच, आणि कोरललाही नवीन ऊती बांधायला लागतो. रीफवरचं पाणी तपासलं तर नायट्रेट-फॉस्फेट नगण्य निघतात, म्हणून या छंदातल्या जुन्या लोकांनी शून्याचा ध्यास धरला. त्यात एक गोष्ट राहून गेली. रीफवर प्रवाहाबरोबर अखंड प्लवक येत असतं, माशांचे थवेच्या थवे वरून विष्ठा टाकत असतात. पाण्यात विरघळलेलं कमी असलं तरी खाणं भरपूर. आपल्या टाकीत ती रसद नाही, वर आपण स्किमर लावून उरलंसुरलंही काढून घेतो.

माझ्या मते घरच्या टाकीत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम (दशलक्षात भाग) असलं की झोप लागते. याहून थोडं खाली-वर चालतं. शून्य मात्र चालत नाही.

आता तो तपकिरी थर. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, बुडबुडे, वर मरणाऱ्या गोगलगायी – हे डायनो दिसतात, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव. नव्या टाकीत येतो तो डायटमचाही थर तपकिरीच असतो, पण तो पिठासारखा असतो, त्याला तार नसते. खात्री करायची तर थोडा चिकटा टाकीच्या पाण्यासकट बाटलीत ओढून घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा, आणि गाळलेलं पाणी स्वच्छ पेल्यात दिव्याखाली तासभर ठेवा. तेवढ्यात त्याच्या पुन्हा लाळेसारख्या तारा जमल्या तर डायनो. सूक्ष्मदर्शक मिळाला तर फारच उत्तम, कारण कोणता डायनो यावर पुढचा इलाज ठरतो.

काचपुसणी

"आजार शून्यात आहे" हे वाक्य फ्रेम करून टाकीवर लावतो. +१.

रसायनी

खडपीकाकांशी सहमत, पण ११ डीकेएच कुणाच्या नजरेतून सुटू नये. ॲक्रोपोराची टोकं जळण्यामागे तेच आहे असं मला वाटतं.

समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच असते. ती वाढवली की सांगाडा लवकर वाढतो, म्हणून लोक ९, १०, ११ करत जातात. मिठाच्या काही पिशव्यांतून मुळातच १०-११ येते. भरपूर खाणं मिळणाऱ्या टाकीत हे खपून जातं. पण उपाशी कोरलमध्ये सांगाडा पुढे पळतो आणि त्यावर पसरायला ऊती कमी पडते, असं बहुतेक रीफवाल्यांचं निरीक्षण आहे. वाढ टोकाला होते, म्हणून पांढरंही आधी टोकच पडतं. पोषकं (नायट्रेट-फॉस्फेट) शून्याजवळ असतील तर अल्कलिनिटी ७ ते ८च्या मध्येच ठेवावी.

ताई, उतरवण्यासाठी काही ओतू नका. डोसिंग बंद करा, कोरल आणि दगडावरचं गुलाबी कोरलाइन शेवाळ आपणहून वापरतील तसं उतरू द्या. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हललं नाही पाहिजे. ११ वर बसलेला कोरल सांभाळता येतो, पण आज ११, परवा ८, शनिवारी पुन्हा १० असं झालं तर तो जातो.

भरतीओहोटी

वाचतोय. माझी टाकी नवी आहे, अजून एकही कोरल नाही. एक बाळबोध प्रश्न: सगळे अल्कलिनिटी रोज मोजायला सांगतात आणि कॅल्शियम महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं म्हणतात. सांगाडा तर कॅल्शियमचा असतो ना? मग उलट का नाही?

रसायनी

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे.

सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो बनताना दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे २० पीपीएम कॅल्शियम. समजा टाकी दिवसाला १ डीकेएच खाते. म्हणजे कॅल्शियम खाल्लं गेलं सुमारे ७ पीपीएम. ४२० चं ४१३ झालं तर कोरललाही कळत नाही आणि घरगुती किटला तर नाहीच. पण अल्कलिनिटी ८ ची ७ झाली म्हणजे साठ्याचा आठवा हिस्सा एका दिवसात गेला. साठा लहान, खर्च मोठा, म्हणून लक्ष तिकडे.

मॅग्नेशियमचं काम वेगळं. पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके असतात की खरं तर आपोआप चुना होऊन खाली बसायला हवेत. मॅग्नेशियम त्यांना तसं बसू देत नाही. १२५० ते १३५० च्या पट्ट्यात आहे ना एवढं बघायचं आणि विसरायचं. ते कमी असेल तर कितीही डोस द्या, अल्कलिनिटी वर राहत नाही, आणि हीटरवर नि पंपाच्या पात्यांवर पांढरा खर चढतो.

भर घालायची सोपी गणितं: २०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ६ ग्रॅम खाण्याचा सोडा. आरओडीआयच्या (आरओ आणि डीआयोनायझेशनने शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाहात, थेंबाथेंबाने. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात इतर गोष्टी असतात. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही एकाच बाटलीत कालवलंत तर बाटलीतच चुना होईल.

खडपी

आणि कोरल थोडे असतील तर चुन्याची निवळी विसरू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरमागे दीडेक ग्रॅम, हलवून झाकून ठेवायचं, गाळ बसला की वरचं नितळ पाणी. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही बरोबर त्याच प्रमाणात मिळतात, आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भरपाईही त्यातच. पीएच मात्र १२ च्या वर असतो. थेंब थेंब, रात्री, आणि ऑटो टॉप-ऑफचा (घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट अडकणार नाही याची खातरजमा केल्याशिवाय नको. एका रात्रीत सगळा डबा टाकीत रिकामा झाला तर सकाळी दुधाळ पाणी आणि उताणे मासे.

भरतीओहोटी

बाष्पीभवनाच्या भरपाईला मीठ घातलेलं पाणी चालत नाही का?

खडपी

नाही हो. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. भरपाई नेहमी गोड्या, आरओडीआयच्या पाण्याने. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. खारं पाणी बदलीसाठी, गोडं भरपाईसाठी. इतकी साधी गोष्ट, पण नव्या टाकीत खारटपणा ३८-३९ ला गेलेला असतो तो याचमुळे.

आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. शून्याला बरोबर आणि ३५ ला चुकीचं दाखवणारे पुष्कळ आहेत.

निशाचर

मूळ प्रश्नाकडे येतो. पोषकं वाढवायची हे मान्य, पण मी नायट्रेट-फॉस्फेटच्या पुड्या ओतण्याच्या विरुद्ध आहे. मासे दोनच्या जागी चार करा, दिवसातून तीनदा खायला घाला, रात्री दिवे विझल्यावर कोरलला द्या. रीफवर रात्री जास्त प्लवक वर येतं आणि बरेच पॉलिप (कोरलमधले एकेक जीव) तेव्हा हात पसरतात. दिवे गेल्यावर तासाभराने लाल उजेडाची विजेरी घेऊन टाकीपुढे बसा. दिवसा गोटा वाटणारा ब्रेन कोरल कडेकडेने पारदर्शक टेंटॅकल बाहेर काढतो. गोठवलेल्या सायक्लोप्सचा (बारीक प्लवकाचा) एक ठिपका पिपेटने सोडला की टेंटॅकल त्याला चिकटतं, मग शेजारचं एक येऊन वळतं, आणि दोघं मिळून तो ठिपका तोंडाच्या फटीकडे सरकवतात. फट उघडते, ठिपका आत, फट बंद. मिनिटभराचा खेळ आहे. हे एकदा बघितलेला माणूस कोरलला झाड म्हणत नाही.

पुडीने आकडा सुधारतो, पोट भरत नाही.

खडपी

निशाचर, निरोगी टाकीत तुझं शंभर टक्के खरं. पण इथे वाळूवर डायनो बसलेत. त्यांच्यातले कित्येक प्रकाशावरही जगतात आणि समोर येईल ते खातातही. अशा वेळी अन्न ओतलं तर पहिली पंगत त्यांचीच, आणि आकडा तरी शून्यच. विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट दिलं की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारे जिवाणू आणि साधं हिरवं शेवाळ उभं राहतं. हिरवं शेवाळ दिसलं की आनंद माना.

आधी पुडी, मग मासे. नवे मासे आणायचे तर वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवूनच. आणि मुख्य टाकीत तांब्याचं औषध कधीही नाही. माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याने जातो, पण कोरल, झिंगे, गोगलगायीही जातात, आणि तांबं दगडात मुरून बसतं.

निशाचर

माझं मत बदललेलं नाही, पण क्रमापुरतं मान्य.

ओलीवाळू

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

बाटलीची चाचणी केली. तासाच्या आत तारा जमल्या, आणि त्यात बुडबुडासुद्धा! सूक्ष्मदर्शक ओळखीतून मिळाला. चारशेपट मोठं करून पाहिलं: तिळासारखे, एका टोकाला निमुळते, गडद तपकिरी दाणे. पळत नाहीत, एका टोकाने खिळल्यासारखे जागच्या जागी गोल फिरतात.

फॉस्फेटचा डबा काढला. नायट्रेट कशाने आणि किती वाढवू? आणि एक, झोआवर तोच चिकटा बसलाय. तो दगड बाहेर काढून गरम पाण्याखाली दातांच्या ब्रशने घासावा म्हणतेय, ठीक ना?

कोपऱ्यातला खेकडा

थांबा!!! झोआचा दगड गरम पाण्याखाली धरू नका. फक्त हे सांगायला लॉगिन केलंय.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. त्यावर उतारा नाही, दवाखान्यात फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. कुठल्या झोआत किती, हे रंगावरून किंवा नावावरून कळत नाही. ज्यांना त्रास झाला त्यांच्या हकिगती बघा: कुणी दगड उकळला, कुणी गरम पाण्याने घासला, वाफेबरोबर विष श्वासात गेलं आणि घरातले सगळे, पाळीव प्राण्यांसकट, आजारी पडले. ताप, धाप, तोंडात धातूची चव, स्नायू दुखणं. डोळ्यात शिंतोडा उडाला तर बुबुळाला इजा होते.

म्हणून उकळणं नाही, वाफ नाही, कोरडं घासणं नाही. हातमोजे आणि डोळ्यांना बंद गॉगल घालूनच काम. तुकडे करायचे तर पाण्याखाली. हाताला चीर असेल तर टाकीत हात नाही. चिकटा काढायचा तर टाकीतच, वेव्हमेकर बंद करून, बारीक नळीने ओढून घ्या.

आणखी एक. तुम्ही वर्णन केलेले तिळासारखे, जागी फिरणारे दाणे म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. तेही पॅलिटॉक्सिनच्याच कुळातली विषं करतात. गोगलगायी त्यामुळेच मरत असणार. मेलेल्या लगेच काढा, नव्या आताच आणू नका.

ओलीवाळू

अंगावर काटा आला. दगड जागेवरच आहे, हात लावलेला नाही. हे दुकानात कुणीच सांगत नाही हो.

काचपुसणी

दुकानातलं पोरगं त्याच हाताने झोआ उचलून त्याच हाताने डोळे चोळताना मी पाहिलंय. त्यालाच कुणी सांगितलेलं नसतं.

रसायनी

हिशोब करते. २०० लिटरमध्ये नायट्रेट १ पीपीएम वाढवायला पोटॅशियम नायट्रेट साधारण ३२५ मिलिग्रॅम लागतं. बरोबर पोटॅशियम वाढतं अर्ध्या-पाऊण पीपीएमने. समुद्राच्या पाण्यात ते चारशेच्या आसपास असतंच, त्यामुळे काळजी नाही. रोज १-२ पीपीएम द्या, दुसऱ्या दिवशी मोजा. दोनशे लिटर धरताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा.

फॉस्फेटसाठी सोडियम फॉस्फेट, दिवसाला ०.०२-०.०३ पीपीएमपासून. सुरुवातीला तुम्ही द्याल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल. कोरडे दगड ते शोषून घेतात. त्यांचं पोट भरलं की मगच पाण्यात आकडा दिसायला लागतो. तिथे धीर सुटून दहापट डोस देऊ नका, दगड घेतलेलं परतही करतात.

तुमचा फॉस्फेटचा किट थेंबांचा असेल तर त्याचं शून्य म्हणजे "रंग दिसला नाही" एवढंच. डिजिटल चेकर घ्या. काही चेकर फॉस्फरस पीपीबीत (अब्जात भाग) दाखवतात, त्याला ३.०७ ने गुणून हजाराने भागायचं. २० दाखवलं म्हणजे फॉस्फेट ०.०६.

खडपी

ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर नशीब चांगलं म्हणायचं, कारण तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो. म्हणून यूव्ही स्टरिलायझर लागू पडतो. २०० लिटरला १५-२० वॅटचा घ्या. पाणी संपमधून नको, थेट टाकीतून उचलून टाकीतच परत, आणि रात्रभर चालू. वाळूत राहणारा ॲम्फिडिनियम असता तर यूव्हीचा उपयोग झाला नसता. म्हणून म्हणत होतो, आधी ओळख पटवा.

ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि नेहमीपेक्षा लवकर बदला, मरणाऱ्या डायनोंचं विष त्यात अडकतं. दिव्यांचे पांढरे नि लाल चॅनल कमी करा, निळे राहू द्या. तीन दिवस पूर्ण अंधार करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तुमचा ॲक्रोपोरा सध्या ज्या अवस्थेत आहे त्यात तो अंधारातून परत येणार नाही असं मला वाटतं. नका करू.

आणि कोरल हलवू नका! टॉर्च इथून तिथे, माँटिपोरा वरून खाली, हा मोह होतो. प्रत्येक जागेचा प्रकाश वेगळा, प्रवाह वेगळा, त्याला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. आजाऱ्याची खाट रोज फिरवायची नसते.

भरतीओहोटी

डायनोवाल्या चर्चेत मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या टाकीत अमोनिया-नायट्राइट शून्यावर येऊन स्थिर झालंय, नायट्रेट दिसतंय. पहिला कोरल कोणता? ॲक्रोपोराचे निळे-जांभळे तुकडे बघून जीव तुटतो.

निशाचर

तुटू दे. पहिला लेदर किंवा मशरूम घ्या. प्रकाश ५० ते १०० पार (शेवाळाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, पोषकं वर-खाली झाली तरी रुसत नाहीत. लेदर मध्येच काही दिवस आक्रसून, मेणासारखा चकचकीत होऊन बसेल; मेला समजू नका, कात टाकतोय. प्रवाह जरा वाढवा, पापुद्रा निघून जाईल. पुढे टॉर्च, हॅमर, ब्रेन. ॲक्रोपोराला २०० ते ३५० पार आणि सगळ्या बाजूंनी उलटसुलट प्रवाह लागतो, त्याहून जास्त लागते ती मुरलेली टाकी. गुलाबी कोरलाइन दगडांवर आपणहून पसरेपर्यंत तरी थांबा.

पार मीटर भाड्याने किंवा उसना मिळतो का बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, निळा प्रकाश आपल्याला असतो त्यापेक्षा मंद वाटतो. एलईडीखाली नवे कोरल जळतात ते यामुळे. नवा कोरल आधी खाली वाळूवर, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. किंवा दिव्यातच ॲक्लिमेशनची सोय असते ती लावा.

कोपऱ्यातला खेकडा

आणि नवा कोरल टाकीत टाकण्याआधी डिप, म्हणजे किडे मारायची औषधी बुडकी. पिशवी तरंगवून तापमान जुळवायचं, मग वेगळ्या भांड्यात आयोडीनचं किंवा तत्सम डिप, बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ, आणि पिपेटने फवारे. भांड्याच्या तळाशी काय काय पडतं ते बघा एकदा. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी मेलेल्या बुंध्यावर तपकिरी ठिपक्यांच्या चकत्यांसारखी असतात. तो बुंधा आणि ज्या प्लगवर कोरल चिकटवलेला आला तो प्लग, दोन्ही कापून फेका. नव्या प्लगवर सायनोॲक्रिलेट जेलने लावा, ते ओल्यावरही धरतं.

ऐप्टेशिया दिसला, म्हणजे काडीवर फुललेलं पारदर्शक तपकिरी छोटं फूल, तर चिमट्याने ओढू नका. राहिलेल्या कणातून नवे उगवतात. बर्गिया नावाची समुद्रगोगलगाय फक्त तेच खाते.

काचपुसणी

माझीही एक भर: अंतर. टॉर्चचे हात रात्री दिवसापेक्षा बरेच लांब जातात. माझ्या गॅलेक्सिया कोरलने शेजारच्या ब्रेनची कड अशी खाल्ली की सांगाड्याचे कंगोरे मोजता येत होते. निदान वीत-दीड वीत मोकळं सोडा. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना खपवून घेतात, टॉर्च दोघांनाही डसतो. २०१७ मध्ये हॅमर-फ्रॉगस्पॉनची प्रजाती टॉर्चपासून वेगळी काढली, आता ते फिम्ब्रियाफिलिया. टाकीतली भांडणं डीएनएवाल्यांच्या आधीपासून तेच सांगत होती.

रसायनी

लेदर वगैरे मऊ कोरल हातांनी नाही, रसायनांनी भांडतात. टर्पीन सोडतात, शेजारचे दगडी कोरल खंगत जातात, आणि आपण आकडे तपासत बसतो. मिश्र टाकीत कार्बन कायम हवा.

पीएचबद्दल कुणी विचारलं नाही, पण विचारतील. दारं-खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात उतरतो आणि अल्कलिनिटी चांगली असूनही पीएच ७.८-७.९ वर रेंगाळतो. बाटलीतलं पीएच वाढवणारं औषध म्हणजे बहुतेकदा अल्कलिनिटीच. ती ओतत राहिलात तर ११ डीकेएचला पोचाल. खिडकी उघडा. नाहीतर स्किमरची हवेची नळी बाहेर न्या.

ओलीवाळू

११ कसं झालं ते आत्ता कळलं!! पीएचचंच औषध.

निशाचर

थोडं अवांतर. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या मत्स्यालयाने ॲक्रोपोराला बंद टाकीत ठरवून अंडी घालायला लावलं, त्याची पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कलासुद्धा दिव्यांनी हुबेहूब उभ्या केल्या. आपल्याला ते जमण्यासारखं नाही, पण तुकडे करून वाढवणं जमतं. घरी वाढवलेला तुकडा टाकीतल्या पाण्याला सरावलेला असतो, आणि रीफवरून काही तोडावं लागत नाही. दगडी कोरल साइटीसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, देशादेशांचे कायदे त्याहून कडक असू शकतात. तेव्हा कुठून आला हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

ओलीवाळू

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०५ ते ०.०७ मध्ये टिकून आहे. रसायनीताई म्हणाल्या तसं दगडांनी सुरुवातीला फॉस्फेट नुसतं गिळलं. अल्कलिनिटी ८ वर आणून तिथेच धरली आहे. यूव्ही लावल्यावर आठवड्याभरात तारा विरळ झाल्या, आता वाळूच्या एका कोपऱ्यात थोडा डाग आहे. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ आलंय, आणि हो, आनंद मानला!

झोआ उघडलेत. टॉर्च पूर्वीइतका नाही, पण फुलतो. माँटिपोराला रंग येतोय. ॲक्रोपोराची दोन टोकं गेली ती गेलीच, त्यांच्यावर हिरवं बसलंय. बुंध्याकडची ऊती शाबूत दिसते.

आता तीन प्रश्न. यूव्ही काढू का? गोगलगायी आणू का? आणि ॲक्रोपोराची मेलेली टोकं तोडू का?

खडपी

यूव्ही इतक्यात नको. तो कोपऱ्यातला डाग जाऊन महिनाभर काही परतलं नाही की मग रात्रीचे तास कमी करत न्या.

गोगलगायी आधी दोनच आणा. आठवडाभर काचेवर चढत-उतरत राहिल्या तर बाकीच्या.

टोकं तोडा. मेलेल्या भागाच्या बोटभर खालून, जिवंत ऊतीतूनच, म्हणजे थोडी चांगली फांदीही जाऊ द्या, कटर धारदार हवा. राहिलेल्या कडेवर जेलचा थेंब लावून कड बंद करा. तोडलेल्या तुकड्यात थोडी जरी जिवंत ऊती असेल तर टाकू नका, प्लगवर चिकटवून खाली मध्यम प्रकाशात ठेवा.

काचपुसणी

तो तुकडा जगला तर नंबर माझा. आधीच सांगून ठेवतो.

भरतीओहोटी

माझा लेदर आला! पहिल्याच दिवशी आक्रसून मेणासारखा झालाय. वर वाचलं होतं म्हणून हात लावलेला नाही. प्रवाह किती वाढवू?

निशाचर

वेव्हमेकर थेट त्याच्यावर रोखू नका. समोरच्या काचेवर आपटून परत येणारा प्रवाह त्याच्या टोपीवरून गेला पाहिजे, टोपी हलकेच डुलली की पुरे. पापुद्रा सुटायला लागला की कडा उचलल्यासारख्या दिसतील. ओढू नका. सुटून आलेला पापुद्रा पंपात जाण्याआधी जाळीने काढा, आणि त्या आठवड्यात कार्बन बदला.